निदान जाहीर झाल्यानंतर: ब्रँडन मार्शल, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार आणि वृत्तमाध्यमे

३१ जुलै २०११ रोजी, मायामी डॉल्फिन्स संघाचे सराव-शिबिर सुरू होत असताना, सत्तावीस वर्षांच्या ब्रँडन मार्शल यांनी पत्रकारांना सांगितले की आपल्याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे भावना, नाती आणि स्वतःविषयीची जाणीव अस्थिर करणारा मनोविकार, असल्याचे निदान झाले आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये दूरवर फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा खेळाडू, म्हणजे वाइड रिसीव्हर, हे त्यांचे मैदानावरचे स्थान. डिसेंबर २००९ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून खेळताना त्यांनी एकाच सामन्यात २१ झेल घेऊन एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, विक्रम केला होता आणि पुढच्याच वर्षी डॉल्फिन्सने त्यांना मोठ्या रकमेच्या करारावर आपल्याकडे घेतले होते. घर, गाड्या, पैसा, पत्नी, नाव हे सारे मिळूनही त्यातल्या कशाचाच आनंद आपल्याला घेता आला नाही आणि तसे का होते हे कळत नव्हते, असे ते त्या दिवशी म्हणाले. बिघडलेली प्रतिमा सावरण्यासाठी मी हे बोलत नाही, उलट स्वतःला उघडे पाडतो आहे, आणि माझ्यासारखा त्रास भोगणाऱ्या इतरांना त्याचा उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले.

हे प्रकरण तपशीलवार पाहण्याजोगे आहे, कारण बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराविषयी (यापुढे बीपीडी) समाजात जे गैरसमज रूढ आहेत, त्यांपैकी जवळजवळ सगळे या एका माणसाच्या बातमीभोवती गोळा झाले. माझे मत असे आहे की, या विकाराचे वार्तांकन करताना माध्यमांपाशी दोनच साचे तयार असतात: एक धोकादायक माणसाचा आणि दुसरा आजारावर मात करणाऱ्या विजेत्याचा. मार्शल यांना आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या साच्यात बसवण्यात आले. त्यांचा प्रत्यक्ष आजार, त्याचे स्वरूप आणि त्यावरील उपचार यांना दोन्ही वेळा फार थोडी जागा मिळाली.

मार्शल यांची पूर्वपीठिका सोपी नव्हती आणि ती झाकण्याचे कारण नाही. डेन्व्हरमधल्या काळात घरगुती हिंसेच्या तक्रारींवरून त्यांचे नाव वारंवार बातम्यांत आले. २००८ मध्ये लीगने वर्तनाच्या नियमांखाली त्यांच्यावर तीन सामन्यांची बंदी घातली, ती पुढे एका सामन्यावर आणली गेली. माजी मैत्रिणीच्या तक्रारीवरून चाललेल्या खटल्यात ऑगस्ट २००९ मध्ये अटलांटा येथील ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. एप्रिल २०११ मध्ये मार्शल यांच्या पोटाला चाकूची जखम झाली आणि त्या प्रकरणात त्यांच्या पत्नीला अटक झाली; जुलैअखेरीस सरकारी वकिलांनी ते प्रकरण पुढे न नेण्याचे ठरवले आणि त्यानंतर लगेच मार्शल पत्रकारांसमोर आले. त्यामुळे ज्या वाचकाने बीपीडी हे नाव आयुष्यात पहिल्यांदा त्या आठवड्यात वाचले, त्याने ते चाकू, अटक आणि जुन्या तक्रारी यांच्या शेजारी वाचले.

त्या वर्षी खेळाडू आणि संघमालक यांच्यातील करार संपल्यामुळे मार्चपासून जुलैपर्यंत एनएफएलचे कामकाज बंद होते. या सक्तीच्या सुट्टीत मार्शल बॉस्टनजवळच्या बेलमाँट गावातील मॅक्लीन रुग्णालयात सुमारे तीन महिने बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेत होते. मॅक्लीन हे हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न मनोरुग्णालय आहे, आणि बीपीडीच्या आधुनिक व्याख्येला ज्यांनी आकार दिला ते डॉ. जॉन गंडरसन यांचे कार्यक्षेत्रही तेच. गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी १९७५ मध्ये या रुग्णांची वैशिष्ट्ये नेमकी मांडली नसती, तर मनोविकारांच्या १९८० च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळणे अवघड होते, असे मानले जाते.

त्या पुस्तिकेच्या आजच्या आवृत्तीत नऊ निकष आहेत आणि निदानासाठी त्यांपैकी किमान पाच असावे लागतात. जवळचे माणूस सोडून जाईल ही असह्य भीती, एकाच व्यक्तीला आज देवासारखे मानणे आणि उद्या तिचा तीव्र तिरस्कार करणे, आपण कोण आहोत याची स्थिर जाणीव नसणे, पैसा, व्यसन, वाहन चालवणे, खाणे यांसारख्या बाबतींत स्वतःचे नुकसान करणारी उतावीळ कृती, स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्येचे प्रयत्न, मनःस्थितीचे झपाट्याने होणारे चढउतार, सततचे रितेपण, आवरता न येणारा राग, आणि ताणाच्या क्षणी येणारा क्षणिक संशय किंवा स्वतःपासून तुटल्याची भावना. नऊपैकी पाच किंवा त्याहून अधिक अशा निवडीचे २५६ प्रकार होऊ शकतात. म्हणजे बीपीडी असलेल्या दोन व्यक्तींमध्ये फक्त एकच लक्षण समान असणे शक्य आहे. ‘बीपीडीचा माणूस असा असतो’ असे ठासून सांगणारे लेख आणि चित्रफिती मला म्हणूनच मुळातच अविश्वसनीय वाटतात.

बायपोलर विकाराशी होणारी गल्लतही याच ठिकाणी दूर करता येते. बायपोलरमध्ये उन्मादाची अवस्था किमान आठवडाभर, तिचे सौम्य रूप किमान चार दिवस टिकावे लागते, आणि ती आजूबाजूच्या घटनांवाचूनही येऊ शकते. बीपीडीमधील मनाची उलथापालथ बहुधा काही तासांची असते आणि तिचे निमित्त बरेचदा नात्यात सापडते: न उचललेला फोन, बदललेला स्वर, शेवटच्या क्षणी रद्द झालेली भेट. बाहेरच्याला निमित्त क्षुल्लक दिसते म्हणून प्रतिक्रिया नाटकी वाटते. भोगणाऱ्याला होणारी वेदना मात्र खरी असते.

मॅक्लीनमध्ये मार्शल यांनी प्रामुख्याने दोन प्रकारच्या गटोपचारांत भाग घेतला. पहिली डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी. तिच्यात भावनेची लाट ओळखणे, कृती करण्याआधी थांबणे, संकटाचा काळ अधिक नुकसान न करता काढणे आणि आपली गरज दुसऱ्यापुढे स्पष्टपणे मांडणे ही कौशल्ये शाळेतल्यासारखी शिकवली जातात, गृहपाठ दिला जातो आणि तो तपासला जातो. दुसरी मेंटलायझेशनवर आधारलेली पद्धत. समोरच्याच्या मनात काय चालले असेल याविषयी आपण घाईने काढलेला निष्कर्ष हा निष्कर्षच आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे तिच्यात पुन्हा पुन्हा तपासायला लावतात. औषधे काही लक्षणांपुरती मदत करतात, परंतु या विकाराचा मुख्य उपचार बोलण्याचा आणि सरावाचा आहे. मार्शल त्या उन्हाळ्यात नेमके काय शिकत होते, हे सांगितले असते तर ‘उपचार होतो म्हणजे काय होते’ हे लाखो क्रीडावाचकांना घरबसल्या समजले असते.

त्याऐवजी चर्चा एका प्रश्नाभोवती फिरली: निदान हा सबबीचा प्रकार आहे का? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी सरसकट दोष देणार नाही. ज्याच्यावर हिंसेचे आरोप झाले आहेत असा नामवंत पुरुष आजाराचे नाव घेतो, तेव्हा लोकांना शंका येणे साहजिक आहे. पण प्रश्नाची मांडणी चुकीची होती, कारण तिने ‘हा आजारी आहे, म्हणून निर्दोष’ किंवा ‘हा दोषी आहे, म्हणून आजार खोटा’ एवढ्या दोनच शक्यता उरवल्या. वैद्यकीय निदान भावना इतक्या तीव्र का होतात आणि इतक्या चटकन का उसळतात हे सांगते. कृतीची जबाबदारी ते काढून घेत नाही, आणि डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपीत तर रुग्णाला त्याच्या वागण्याची जबाबदारी घ्यायला पहिल्या आठवड्यापासून शिकवतात. ‘आजाराने त्याच्याकडून हे करवले’ अशी बातमी लिहिली गेली की दोन गटांवर एकाच वेळी अन्याय होतो. तक्रार करणाऱ्या स्त्रिया बातमीतून नाहीशा होतात, कारण मग कोणी काही केलेलेच नसते, आजाराने केलेले असते. आणि ज्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही असे हे निदान असलेले असंख्य लोक संशयित ठरतात.

हिंसेविषयीचा गैरसमज यातूनच पोसला जातो. राग हा नऊ निकषांपैकी एक आहे हे खरे, पण निदानासाठी तो असलाच पाहिजे असे नाही, आणि राग येणे म्हणजे मारहाण करणेही नाही. या विकारात जीवाला जो धोका असतो तो सर्वप्रथम आणि सर्वाधिक स्वतः रुग्णाच्या जीवाला असतो: स्वतःला केलेल्या जखमा, आत्महत्येचे प्रयत्न आणि प्रत्यक्ष मृत्यू. १९८० च्या दशकापासून हॉलिवूडच्या पडद्यावर प्रियकराच्या कुटुंबाचा पाठलाग करणारी, चाकू घेऊन घरात शिरणारी स्त्री दिसू लागली आणि प्रेक्षकांनी, काही वेळा व्यावसायिकांनीही, तिला बीपीडीचे उदाहरण म्हणून वापरले. स्नानगृहात दार बंद करून स्वतःच्या दंडावर ओरखडे काढणारी मुलगी त्या चित्रात कुठेच नव्हती, आणि बाह्यरुग्ण विभागात प्रत्यक्ष येते ती बहुतेकदा तीच.

ती मुलगीच असते, मुलगा नसतो, हा आणखी एक ग्रह. उपचारकेंद्रांत स्त्रियांचे प्रमाण पुष्कळ जास्त दिसते, सुमारे तीन चतुर्थांश, असे बराच काळ पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सुमारे ३५ हजार प्रौढांच्या सर्वेक्षणात स्त्री-पुरुषांतील प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पुरुष त्याच वेदनेने व्यसनाकडे, मारामारीकडे वळतात आणि दवाखान्याऐवजी पोलीस ठाण्यात पोचतात, किंवा त्यांच्यावर दुसऱ्याच निदानाचा शिक्का बसतो, असे अनेक चिकित्सकांना वाटते. मार्शल यांचे महत्त्व इथे वादातीत आहे. सहा फूट चार इंच उंचीच्या, अंगावर धडकणाऱ्यांना झुगारून धावणाऱ्या खेळाडूने ‘मला सोडून जातील याची भीती’ आणि ‘रितेपण’ असलेल्या आजाराचे नाव स्वतःशी जोडणे याला तोवर फारसे उदाहरण नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये शिकागोच्या एका दैनिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी याचे मूळ बालपणात शोधले: मुलगा पडला की आपण म्हणतो ऊठ, झटक, रडू नकोस, मुलगी पडली की म्हणतो, होईल हं बरे. ‘मुलीसारखा काय रडतोस’ हे वाक्य ज्या घरांत रोज ऐकू येते, अशा आपल्याकडच्या वाचकाला ते परके वाटणार नाही.

सारा दोष बातमीदारांच्या माथी मारणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल, कारण त्यांची शब्दावली वैद्यकीय वर्तुळातूनच बाहेर आलेली आहे. १९८८ मध्ये ग्लिन लुईस आणि लुईस ॲपलबी यांनी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांची वर्णने वाचायला दिली. ज्या वर्णनात पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान झाल्याचा उल्लेख होता, त्या रुग्णाला तज्ज्ञांनी अधिक कटकटीचा, लक्ष वेधून घेणारा आणि सहानुभूतीला कमी पात्र ठरवले. डॉक्टर ज्याला ‘लबाड’ म्हणतात त्याला वार्ताहर ‘विक्षिप्त’ म्हणणार, यात नवल नाही. स्वतःला इजा करणाऱ्याला ‘लक्ष वेधून घ्यायचे आहे’ असे म्हणणारे विसरतात की बहुसंख्य जखमा लपवल्या जातात. मदत मागण्याची दुसरी रीत ज्याला कधी शिकवलीच गेली नाही, त्याने चुकीच्या रीतीने मागितली म्हणून ती मागणी खोटी ठरत नाही.

याच वातावरणात, मार्शल बोलले त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जून २०११ मध्ये, डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपीच्या जनक मार्शा लिनेहन यांनीही मौन सोडले होते. १९६१ मध्ये सतरा वर्षांच्या असताना कनेक्टिकटमधील हार्टफर्डच्या ज्या मनोरुग्णालयात त्या रुग्ण म्हणून राहिल्या होत्या, तिथेच उभे राहून त्यांनी आपली कहाणी सांगितली. स्वतःला भाजून घेणारी, कापून घेणारी ती मुलगी पुढे या विकारावरची उपचारपद्धती तयार करते आणि १९९१ मध्ये तिची पहिली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध करते, यापेक्षा ‘हा आजार बरा होत नाही’ या समजुतीला चोख उत्तर कोणते असणार? संशोधनही तेच सांगते. मॅक्लीनमध्येच मेरी झानारिनी यांनी २९० बीपीडी रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. दहा वर्षांच्या अखेरीस ९३ टक्के रुग्णांमध्ये किमान दोन वर्षे टिकलेली लक्षणमुक्ती दिसली. मात्र लक्षणमुक्तीबरोबर स्थिर नाती आणि नियमित काम किंवा शिक्षण असे पूर्ण सावरणे निम्म्याच लोकांना साधले. माध्यमांनी पहिल्या आकड्याची दखल जवळजवळ घेतली नाही, आणि दुसऱ्या आकड्यात जे दुखणे आहे ते तर मुळीच सांगितले गेले नाही.

कारण तोवर दुसरा साचा पुढे आला होता. जानेवारी २०१२ मध्ये हवाईतील प्रो बोल या लीगमधील निवडक खेळाडूंच्या सामन्यात चार टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेऊन मिळवलेले गुण) करून मार्शल सर्वोत्तम खेळाडू ठरले. मार्चमध्ये ते शिकागो बेअर्सकडे गेले आणि पहिल्याच हंगामात त्यांनी ११८ झेल आणि १,५०८ यार्ड अशी कामगिरी केली. आता बातमीचा सूर ‘आजारावर मात’ असा झाला. हा सूर ऐकायला गोड आहे, पण त्याने होणारे नुकसान कमी नाही. मार्शल आजारी असतानाही उत्तम खेळत होते. २१ झेलांचा विक्रम निदानाच्या आधीचा आहे. खेळातील यश हे बरे होण्याचे माप मानले, तर ज्या तरुणीला उपचाराच्या तिसऱ्या वर्षी नोकरी टिकवता आली नाही, तिने काय समजायचे? बरे होणे म्हणजे भांडणानंतर घर सोडून न जाणे, रात्री आलेली लाट सकाळपर्यंत झेलणे, माफी मागून पुन्हा बोलायला बसणे. याचे छायाचित्र काढता येत नाही, म्हणून ते छापले जात नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये मात्र मार्शल यांनी असे काही केले की छायाचित्र काढावेच लागले. न्यू यॉर्क जायंट्सविरुद्धच्या सामन्यात, मानसिक आरोग्य जागृती सप्ताहाच्या निमित्ताने, ते झळझळीत हिरवे बूट घालून उतरले. तो महिना स्तनकर्करोग जागृतीचा असल्याने मैदानावर गुलाबी रंगाला लीगची मान्यता होती, हिरव्याला नव्हती. गणवेशाचा नियम मोडला म्हणून त्यांना १०,५०० डॉलरचा दंड झाला. त्यांनी तेवढीच रक्कम मानसिक आरोग्याच्या कामाला देण्याचे जाहीर केले. पत्नीसमवेत त्यांनी उभारलेली, पुढे ‘प्रोजेक्ट ३७५’ या नावाने चाललेली संस्थाही याच कामासाठी होती. २०१६ पासून लीगने वर्षातील ठरावीक सामन्यांत खेळाडूंना आपापल्या सामाजिक कार्याचे बूट घालण्याची परवानगी दिली. मला या प्रसंगात दंडापेक्षा गुलाबी आणि हिरव्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. शरीराच्या आजाराचा रंग संस्थेने स्वतः वाटला, मनाच्या आजाराचा रंग एकट्या खेळाडूला पदरचे पैसे मोजून दाखवावा लागला.

या प्रकरणाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. मार्शल यांच्यापाशी पैसा होता, सुट्टी होती, आणि जगातल्या मोजक्या विशेष केंद्रांपैकी एक गाठण्याची सोय होती. महाराष्ट्रात अशा पद्धतशीर उपचाराचे प्रशिक्षण घेतलेले लोक प्रामुख्याने मोठ्या शहरांतच सापडतात आणि दर आठवड्याची फी वर्षभर भरणे मध्यमवर्गीय घरालाही जड जाते. बोलण्याचे स्वातंत्र्यही सारखे नसते. मार्शल यांनी आपले निदान स्वतः, आपल्या शब्दांत सांगितले. जून २०२० मध्ये मुंबईत अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर मात्र, ज्याला आता उत्तर देता येत नाही अशा माणसाच्या मनोविकाराविषयी आणि औषधांविषयी कित्येक महिने वाहिन्यांवर रोज चर्चा झडली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, आत्महत्येने मृत्यू झालेल्या व्यक्तीला दुबळ्या चारित्र्याची म्हणून रंगवू नये आणि तिच्या खासगीपणावर आक्रमण करू नये, असे माध्यमांना बजावले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २४ नुसार तर मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा तिच्याविषयीची माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही.

मराठी वृत्तसंपादकांपुढे बीपीडीची बातमी येईल तेव्हा निदान कोणी केले, संबंधित व्यक्तीने ते उघड करायला संमती दिली आहे का, आणि त्या निदानाचा बातमीतील घटनेशी काही सिद्ध झालेला संबंध आहे का, हे मथळा ठरण्याआधी विचारले गेले पाहिजे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर गुन्ह्याच्या बातमीत विकाराचे नाव येण्याचे कारणच उरत नाही. आरोप असतील तर ते आरोप म्हणून आणि तक्रारदाराच्या बाजूसह यावेत. उपचार कसा होतो याला दोन परिच्छेद मिळावेत, आणि खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा विनामूल्य क्रमांक असावा. तो मराठीतही उपलब्ध आहे.